देवमाशानं आपल्याला खरंच माफ केलंय?

मोबाइलवर एक व्हिडिओ अधूनमधून फिरत येतो. मेक्सिकोतल्या बाहा कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर सान इग्नासियो नावाचं लगून आहे, म्हणजे जमिनीत आत शिरलेला समुद्राचा उथळ, शांत तुकडा. तिथे एक छोटी होडी तरंगतेय आणि तिच्या शेजारी होडीहून मोठी ग्रे व्हेल मादी आलीय. ती आपल्या पिल्लाला खालून हळूच ढकलत माणसांपाशी आणते. माणसं हात लावतात, हसतात, काही जण रडतात. खाली प्रतिक्रिया ठरलेल्या असतात : आपण इतकं करूनही त्यांनी आपल्याला माफ केलं!

मलाही हा व्हिडिओ आवडतो. पण 'माफ केलं' या दोन शब्दांपाशी मी दर वेळी अडखळते.

आपण काय केलं होतं, ते आधी पाहू. 1857 मध्ये चार्ल्स स्कॅमन हा अमेरिकी कप्तान याच किनाऱ्यावरच्या दुसऱ्या एका लगूनमध्ये शिरला. माद्या पिल्लांना जन्म द्यायला तिथे येत. पिल्लू सोडून आई पळत नाही, त्यामुळे शिकार सोपी होती. पण धोकादायकही होती, कारण पिल्लासाठी चवताळलेल्या आया होड्या फोडत. म्हणून शिकाऱ्यांनी या प्राण्याला 'सैतान मासा' म्हणायला सुरुवात केली. आपण मराठीत त्याला देवमासा म्हणतो. तो ना देव, ना सैतान, खरं तर मासाही नाही. पिल्लाला वाचवू पाहणाऱ्या आईला सैतान ठरवलं की मारणाऱ्याची रात्रीची झोप उडत नाही, एवढाच त्या नावाचा उपयोग. स्कॅमनच्या मागोमाग इतर जहाजं आली आणि थोड्याच वर्षांत लगूनं जवळपास रिकामी झाली. ही जात नामशेष होईल का, असा प्रश्न पुढे स्वतः स्कॅमननंच 1874 च्या आपल्या पुस्तकात विचारला.

तरीही ती टिकली. 1946 च्या आंतरराष्ट्रीय करारानं तिच्या व्यापारी शिकारीवर बंदी आणली. 1972 मध्ये सान इग्नासियोत पाचिको मायोराल या कोळ्याच्या होडीला एक व्हेल येऊन खेटली आणि त्यानं घाबरत घाबरत तिला हात लावला. तोवर तिथले कोळी या प्राण्यापासून चार हात लांबच राहत. आजचे सगळे व्हिडिओ त्या एका स्पर्शाच्या मागून आलेत.

आता माफीचं बघू. माफ कोण करू शकतो? ज्याच्यावर अन्याय झाला, तो. माझ्या आजीला कुणी फसवलं असेल, तर तिच्या वतीनं त्याला माफ करण्याचा अधिकार मला नाही. लगूनमध्ये मेलेल्या आया परत येणार नाहीत. ग्रे व्हेल सत्तर-ऐंशी वर्षं जगली असं धरलं, तरी स्कॅमनचा काळ पाहिलेली एकही 1972 मध्ये उरली नसणार. आज होडीजवळ येणारीला कुतूहल असेल, लाकडाला अंग घासणं बरं वाटत असेल. ती निर्धास्त आहे, हे नक्की. पण तिचं निर्धास्त असणं आणि आपण निर्दोष असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माफी तिनं दिलेली नाही. ती आपणच लिहिली आणि खाली तिची सही केली.

याचा त्रास एवढ्यासाठी होतो, की माफी मिळाली म्हटलं की हिशेब मिटतो. आणि हा हिशेब अजून चालू आहे.

ग्रे व्हेल जेवते हजारो किलोमीटर उत्तरेला, आर्क्टिकजवळच्या बेरिंग आणि चुकची समुद्रात. ती तळाशी जाऊन कुशीवर वळते, तोंडात चिखल ओढते आणि जबड्यातल्या झालरीतून गाळून कोळंबीसारखे बारीक जीव, अँफिपॉड, खाते. उन्हाळाभर साठवलेल्या चरबीवर ती दक्षिणेला येते, पिल्लाला जन्म देते, निम्म्याहून जास्त स्निग्धांश असलेलं दूध पाजते आणि परत जाते. या महिन्यांत ती स्वतः जवळजवळ उपाशी असते. म्हणजे लगूनमधल्या पिल्लाचं दूध आर्क्टिकच्या चिखलातून येतं. त्या चिखलातल्या जिवांचं पोट समुद्री बर्फाखाली वाढणाऱ्या शेवाळावर चालतं. बर्फ घटतोय, तसं तळाशी पडणारं हे अन्नही घटतंय.

2016 च्या सुमारास पूर्व पॅसिफिकमध्ये सुमारे 27,000 ग्रे व्हेल होत्या. 2025 मध्ये अंदाज 13,000 च्या आसपास आला. 2019 ते 2023 या काळात 690 व्हेल किनाऱ्यांवर मरून पडल्या आणि त्यातल्या अनेक हाडं दिसण्याइतक्या खंगलेल्या होत्या. 2025 मध्ये कॅलिफोर्नियाजवळून आईसोबत उत्तरेला गेलेल्या पिल्लांचा अंदाज होता फक्त 85.

या मृत्यूंत भाला कुणाच्याच हातात नाही. आपली नीती इथेच गोंधळते. अमेरिकेतल्या मकाह आदिवासींनी 1855 च्या तहानं शिकारीचा हक्क राखला होता. व्हेल उरल्या नाहीत तेव्हा 1920 च्या दशकात त्यांनी आपणहून शिकार थांबवली. 1999 मध्ये त्यांनी एक व्हेल मारली, तेव्हा केवढा गदारोळ झाला! तो राग मला समजतो. मरणारीला तहाशी देणंघेणं नसतं. पण मकाहांना आपण काय केलं ते माहीत होतं. ते त्यांनी सगळ्यांसमोर केलं आणि त्या मृत्यूचं उत्तरदायित्व घेतलं. शेकडो उपाशी व्हेलच्या मृत्यूचं उत्तरदायित्व कोण घेतंय? आपण सगळे थोडे थोडे दोषी, म्हणजे व्यवहारात कुणीच नाही.

मग सगळेच दोषी म्हणून हात वर करायचे का? मला तसं वाटत नाही. सान इग्नासियोत मेक्सिको सरकार आणि मित्सुबिशी यांच्या कंपनीला प्रचंड मिठागर उभारायचं होतं. जगभरातून विरोध झाला आणि 2000 मध्ये राष्ट्राध्यक्ष झेदियो यांनी तो प्रकल्प रद्द केला. तिथे ठोठावायला एक दार होतं. बर्फाच्या बाबतीत दारं पुष्कळ आहेत आणि बरीचशी लांब आहेत, पण ती आहेत : कोळसा आणि तेलाबद्दल निर्णय घेणारी सरकारं, कंपन्या आणि त्यांना मत व पैसा देणारे आपण.

म्हणून मला वाटतं, त्या मादीनं आपल्याला माफ केलं का, हा प्रश्न सोडून द्यावा. तो आपल्या मनाच्या शांतीसाठी आहे. ती परत उत्तरेला जाईल, तेव्हा तळाशी तिला खायला काही उरलेलं असेल का, हा प्रश्न तिच्यासाठी आहे.