विनाकारण बाहेर पडण्याची सोय

वाहन सोडण्याची वेळ येणारी आपल्याकडची ही पहिलीच मोठी पिढी. १९७२ साली पुण्यात लूना आली, त्याच वर्षी चेतक आली, आणि १९८४ मध्ये बटण दाबलं की सुरू होणारी कायनेटिक होंडा. बँकेत, एलआयसीत, शाळेत नोकरी करणाऱ्या बायकांनी किका मारायच्या कटकटीतून सुटून ती चालवली. त्यांच्या आयांना माहेरी जायचं म्हटलं तरी ‘कुणी सोडेल का?’ असं विचारावं लागे. लेकींनी तो प्रश्नच निकालात काढला. आज त्या सत्तरी-पंचाहत्तरीत आहेत आणि आयांचा प्रश्न फिरून त्यांच्या पुढ्यात आला आहे.

कायदा याबाबत फारसा बोलत नाही. चाळिशीनंतर परवान्यासाठी डॉक्टरचं प्रमाणपत्र लागतं आणि पंचावन्न ओलांडल्यावर परवाना पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यावा लागतो. ते प्रमाणपत्र बहुतेकदा सही-शिक्क्यापुरतंच असतं. खरा निर्णय होतो पार्किंगमध्ये. दुचाकी पळत असते तोवर तोल सांभाळते. अडचण येते ती थांबताना. सिग्नलला पाय टेकायचा तर गुडघा दगा देतो, मागून कोण येतंय हे पाहायला मान वळत नाही, आणि मेन स्टँडवर चढवायला जो एक झटका लागतो तो कंबर देत नाही. मग ‘साइड स्टँडलाच राहू दे’ सुरू होतं. एक दिवस किल्ली खुंटीवर नसते. कुणी म्हणतं बॅटरी उतरलीय, कुणी म्हणतं सर्व्हिसिंगला टाकलीय. घरातली मोठी माणसं हे खोटं ओळखतात आणि चालवून घेतात.

त्यानंतर मुलं म्हणतात, ‘नुसता फोन कर.’ आणि मुलं खरंच करतात, यात वाद नाही. न्यू जर्सीतून मुलगा कोथरूडच्या आईसाठी मोबाइलवर कॅब बोलावतो. गाडी फाटकाशी येते. ओटीपी असतो मुलाकडे, तो येतो व्हॉट्सअ‍ॅपवर, आणि आईचा चष्मा असतो पर्सच्या तळाशी. ड्रायव्हर ‘लोकेशनवर या’ म्हणतो, म्हणजे नेमकं कुठं ते तिला कळत नाही. तेवढ्यात तिकडे रात्रीचे दोन वाजलेले असतात हे तिला आठवतं. डॉक्टरकडे जाण्यासाठी ती हे सगळं करते. मैत्रिणीकडे नुसतं बसायला जाण्यासाठी करत नाही.

माझ्या मते सगळ्या प्रश्नाचं मर्म इथं आहे. दवाखाना, बँक, हयातीचा दाखला यांसाठी कुणीतरी मिळतंच. मागे पडतं ते विनाकारण बाहेर पडणं: भिशी, कट्टा, बालगंधर्वचा दुपारचा प्रयोग, मंडईत जाऊन फक्त पावटा आणणं. या गोष्टींसाठी कुणी नाही म्हणत नाही, पण विचारणाऱ्यालाच ते क्षुल्लक वाटतं. ‘कशाला उगाच त्याचा अर्धा दिवस मोडायचा?’ असं म्हणत माणूस एकेक जागा सोडत जातो. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, वयानं विरक्ती आली. विरक्ती कसली! मिंधेपणाचा कंटाळा आलेला असतो.

सरकारनं काहीच केलं नाही असं म्हणता येणार नाही. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीपुढच्यांना एसटीचा प्रवास मोफत आहे. पासष्ट ते पंचाहत्तरच्या मधल्यांना अर्धं तिकीट. या सवलतीनं खेड्यापाड्यांतली कितीतरी म्हातारी माणसं पंढरपूर, तुळजापूर करून आली. पण ती शहरी बसला लागू नाही. म्हणजे स्वारगेटहून पंढरपूर फुकट, आणि घरापासून स्वारगेटपर्यंत मीटरनं. रेल्वेनं तर मार्च २०२० मध्ये थांबवलेली ज्येष्ठांची सवलत अजून परत दिलेली नाही. शिवाय पैसे हा अडथळ्याचा एक भाग झाला. लो-फ्लोअर बसचा तळ रस्त्यापासून साधारण ४०० मिलिमीटरवर असतो आणि बस थांब्याच्या कट्ट्याला लागून उभी राहिली तरच त्या रचनेला अर्थ. चालक बस रस्त्याच्या मध्येच थांबवतो, मग आधी कट्ट्यावरून खाली उतरा आणि नंतर बसमध्ये वर चढा. मेट्रोच्या स्टेशनात लिफ्ट आहे, सरकता जिना आहे, सगळं चकाचक. तिथवर नेणाऱ्या फुटपाथवर मात्र दुचाक्या लावलेल्या आणि चेंबरची झाकणं वर आलेली.

अमेरिकेत हा प्रश्न आपल्या आधी आणि जास्त कडवट होऊन आला, कारण तिथल्या उपनगरात गाडीशिवाय दूधसुद्धा आणता येत नाही. सहा महिने मुलाकडे राहून आलेल्या कुणाही आईवडिलांना विचारा. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या तिथल्या एका अभ्यासात दिसलं की गाडी सुटल्यावरही पुरुष सरासरी सहा-सात वर्षं जगतात आणि बायका सुमारे दहा. मेन राज्यातल्या पोर्टलंडच्या कॅथरिन फ्रॉइंड यांच्या लहान मुलाला १९८८ मध्ये एका चौऱ्याऐंशी वर्षांच्या चालकानं उडवलं. मूल बचावलं. चालकावर राग धरण्यापेक्षा त्या वयाच्या माणसाला गाडी चालवावीच का लागते, असा प्रश्न या बाईंनी धरला आणि १९९० च्या दशकात ज्येष्ठांसाठी प्रवाससेवा उभी केली. तिची मेख तिच्या हिशोबात आहे. म्हातारा माणूस आपली गाडी संस्थेला देतो आणि तिची किंमत त्याच्या खात्यावर जमा होते. फेरी झाली की खात्यातून पैसे वजा होतात. चालकाच्या हातात काही द्यायचं नाही, कुणाचे आभार मानायचे नाहीत. स्वयंसेवक म्हणून गाडी चालवणारा आपल्या फेऱ्या दूरच्या गावी राहणाऱ्या आईच्या नावेही जमा करू शकतो.

आपल्याकडे स्कूटर विकून फार काही येणार नाही, हे खरं. पण हिशोब मांडून पाहावा. पुण्यात २०२२ साली ठरलेला रिक्षाचा दर पहिल्या दीड किलोमीटरला २५ रुपये आणि पुढे किलोमीटरमागे १७. पाच किलोमीटरची जा-ये १७० च्या आसपास. महिन्यातून दहा वेळा गेलं तरी १,७०० रुपये. पेन्शनवाल्या घराला हे जड नाही. जड जातो तो डोळ्यांसमोर पडणारा मीटर. औषधांचे पाच हजार एकरकमी देणारे काका मीटरचा आकडा बदलला की सीटच्या कडेला सरकून बसतात.

म्हणून मीटरच नजरेआड करावा, आणि त्याची पद्धत आपल्याकडे आयती आहे. मुलांना शाळेत सोडणारे रिक्षावाले काका महिन्याच्या बोलीवर येतात. त्यांना घर माहीत, जिना माहीत, कोण उशीर करतं तेही माहीत. सकाळची पाळी सोडली की शाळा सुटेपर्यंत त्यांची रिक्षा बऱ्याचदा स्टँडवर उभी असते. सोसायटीतल्या चार-पाच घरांनी ते मधले दोन तास ठरवून घ्यावेत. मंगळवारी वाचनालय, गुरुवारी मंडई, शनिवारी नाटक. एका वेळी तिघं. पैसे पहिल्या तारखेला, नोंद वॉचमनच्या वहीत. ओटीपी नाही, लोकेशन नाही. काका खालून हाक मारतील आणि पिशवी वर आणून देतील, कारण त्यांची ओळख माणसाशी आहे.

अडचणी येतील. दुधाच्या बिलासारखे खाडे निघतील. पावसात नाटक रद्द झालं तर पैसे कापायचे का, देशपांडे आजोबा तीन वेळा आलेच नाहीत त्याचं काय, काका परीक्षेच्या दिवसांत वेळ बदलतात ते चालवून घ्यायचं का. यावर वॉचमनच्या टेबलाशी वाद होतील आणि ते घालायला सगळी मंडळी लिफ्टनं खाली येतील.