भोग आणि निष्काळजीपणा

बाळंतपण म्हणजे बाईचा दुसरा जन्म, असे आपण सहज बोलून जातो. १६३१ मध्ये मुमताजमहल आपल्या बुऱ्हाणपुरातच, चौदाव्या बाळंतपणात गेली. तिचे पहिले दफन तापीपलीकडे, जैनाबादला झाले. बादशहाची सारी सत्ता तिथे हतबल ठरली. नियती हा शब्द तिथे शोभेल. (चौदा बाळंतपणे लादली गेली, तीही नियतीच का?)

पण १९६३ साली औरंगाबादच्या सरकारी इस्पितळात एक बाई बाळंत झाली. पाठोपाठ नसबंदीची शस्त्रक्रिया झाली, पोटात टॉवेल राहिला आणि ती दगावली. चूक नेमकी कोणाच्या हातची हे ठरले नाही तरी सरकार जबाबदार आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने दिला, तो १९९६ मध्ये. तेहेतीस वर्षांनी!

रक्तस्राव प्रत्येक वेळी थांबतोच असे नाही. त्यासाठी डॉक्टरला गुन्हेगार ठरवणे अन्यायाचे. टॉवेल मात्र पोट शिवण्यापूर्वी मोजता येतात. एक मरण माणसाच्या हाताबाहेरचे, दुसरे हातातले. आपण दोन्हींना एकाच शब्दाने निरोप देतो. केसपेपर मागणाऱ्या नवऱ्याला घरचेच समजावतात, ‘जाऊ द्या आता, तिचे भोग होते.’