हिरवी टिक आणि किल्ल्यातलं पत्र

सकाळी पाचला उठणं, रोज दहा पानं वाचणं, साखर सोडणं, झोपताना फोन दुसऱ्या खोलीत ठेवणं. माझ्या वयाच्या बहुतेकांना यातलं काहीतरी सुरू करायचं असतं, किंवा तीनदा सुरू करून झालेलं असतं. छोटे बदल करा, रोज करा, त्यातूनच माणूस घडतो, हे पुस्तकं, पॉडकास्ट आणि रील्स आपल्याला सांगत असतात. ते खोटं नाही. अ‍ॅरिस्टॉटलनेही तेवीसशे वर्षांपूर्वी जवळपास हेच म्हटलं होतं: न्यायाची कामं करत करत माणूस न्यायी होतो, धाडसाची कामं करत करत धाडसी.

पण एक प्रश्न उरतो. सवय बदलली म्हणजे माणूस बदलला का? की कधी कधी नव्या सवयीच्या आड जुनाच माणूस आणखी नीट लपून बसतो?

या प्रश्नावर मी वाचलेलं सगळ्यात प्रामाणिक लिखाण माझ्याच जिल्ह्यात झालेलं आहे. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर, पण आमच्या तोंडी अजून नगरच. ९ ऑगस्ट १९४२ ला पहाटे मुंबईत काँग्रेसच्या कार्यकारिणीला अटक झाली आणि त्या नेत्यांना नगरच्या किल्ल्यात आणून ठेवलं. नेहरूंनी इथे १९४४ मध्ये पाच महिन्यांत ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिलं, हे शाळेतच कानावर पडतं. त्याच किल्ल्यात काँग्रेसचे तेव्हाचे अध्यक्ष मौलाना अबुल कलाम आझाद उर्दूत पत्रं लिहीत होते, हे मात्र मला इंजिनिअरिंग संपल्यावर कळलं. पत्रं एका मित्राला लिहिलेली, पण पाठवायची परवानगी नव्हती. त्यामुळे ती साठत गेली आणि १९४६ मध्ये ‘गुबार-ए-खातिर’ या नावाने पुस्तक होऊन आली.

आजच्या भाषेत सांगायचं तर आझाद म्हणजे रुटीनचा माणूस. पहाटे तीन-चारला उठायचं, स्वतःच्या हाताने चिनी चहा करायचा आणि त्या शांततेत लिहायचं. चहात दूध घालणाऱ्यांची त्यांनी यथेच्छ टिंगल केलीय. या पुस्तकातल्या तीन गोष्टी मला एकापुढे एक ठेवून बघाव्याशा वाटतात.

पहिली सिगारेटची. १९२१ साली अटक झाली तेव्हा आझादांनी सिगारेट त्या क्षणी सोडली. तुरुंगात कधी तल्लफही दाखवली नाही. सुटकेच्या दिवशी तुरुंगाच्या अधिकाऱ्याने सिगारेट पुढे केली आणि त्यांनी ती घेतली. ज्या निश्चयाने सोडली त्याच निश्चयाने पुन्हा धरली, असं ते काहीशा अभिमानाने सांगतात. वाचताना आपण थक्क होतो. पण थोडं थांबून बघितलं तर इथे ताबा दिसतो, वाढ दिसत नाही. नळ बंद करता येतो आणि सुरूही करता येतो, एवढंच सिद्ध झालं. माणूस होता तिथेच आहे.

दुसरी चिमण्यांची. किल्ल्यातल्या त्यांच्या खोलीच्या छतात चिमण्यांनी घरटी केली होती. काड्या, कचरा, कलकलाट. आझादांनी आधी छत्री उगारली, मग बांबू घेतला, घरटी काढून टाकली. चिमण्या परत आल्या. हे सगळं त्यांनी एखाद्या मोठ्या लढाईसारखं रंगवून लिहिलंय. शेवटी त्यांनी तह केला: चिमण्या जाणार नाहीत, तर सोबत राहायचं. मग तांदळाचे दाणे टाकायला सुरुवात झाली. आधी लांब, मग थोडे जवळ, मग आणखी जवळ. स्वतः दगडासारखं स्थिर बसायचं. असं करत करत एक दिवस चिमणी तळहातावर येऊन दाणे टिपू लागली. त्यांनी चिमण्यांना नावंही ठेवली. एक मोती, एक कलंदर.

सवयींच्या पुस्तकात ही गोष्ट ‘छोट्या पायऱ्यांनी मोठं यश’ म्हणून सहज छापता येईल. पण बदललं कोण, ते बघा. चिमण्या होत्या तशाच राहिल्या. बदलले आझाद. जो माणूस बांबू घेऊन उभा होता, तो तास न् तास न हलता बसायला शिकला. ही वाढ आहे, कारण इथे आपल्यापलीकडचा एक जीव आहे आणि त्याच्यासाठी स्वतःला थोडं थोडं हलवावं लागलंय.

तिसरी गोष्ट त्यांच्या पत्नीची, जुलेखा बेगमांची. ३ ऑगस्ट १९४२ ला आझाद कलकत्त्याहून मुंबईला निघाले तेव्हा त्या दारापर्यंत आल्या आणि फक्त ‘खुदा हाफिज’ म्हणाल्या. पुन्हा भेट नाही. १९४३ च्या मार्चमध्ये आजार बळावल्याची बातमी किल्ल्यात पोचली. तुरुंगाधिकाऱ्याने सांगितलं, सरकारला काही विनंती करायची असेल तर मी लगेच पुढे पाठवतो. आझादांनी नकार दिला. नेहरू येऊन बराच वेळ बोलले, त्यांनाही तेच उत्तर. ९ एप्रिलला जुलेखा बेगम गेल्या.

दोन दिवसांनी लिहिलेल्या पत्रात आझाद त्या आठवड्यांचा हिशोब मांडतात. दिनक्रम त्यांनी जराही ढळू दिला नव्हता. जेवणाची वेळ तीच, लिहिण्याची वेळ तीच. दुपारी वर्तमानपत्र यायचं, त्यात तब्येतीची बातमी असण्याची शक्यता असायची. बाहेर पावलं वाजली की काळीज धडधडायचं. पण माणूस आत आला की चेहऱ्यावर हसू आणून, पेपर टेबलावर ठेव अशी खूण करायची आणि पुन्हा लिहायला लागायचं, जणू वाचायची काही घाईच नाही. एवढं सांगून ते कबूल करतात की हा सगळा देखावा होता. आपल्या धीराला अस्वस्थतेचा डाग लागू नये म्हणून मनातला अहंकार हे नाटक करत होता.

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. आमच्याकडे डॅशबोर्ड असतो. सर्व्हर चालू, मेमरी ठीक, सगळे चौकोन हिरवे. आणि तरी ग्राहकाचा फोन येतो की पेमेंट होत नाहीये. डॅशबोर्ड खोटं बोलत नसतो. आपण त्याला जे मोजायला सांगितलं तेवढंच तो मोजतो. सवयींच्या अ‍ॅपचंही तसंच. ‘केलं की नाही’ हे त्याला कळतं. ‘कशासाठी केलं’ हा रकानाच तिथे नसतो.

माझ्या एका मित्राचे वडील गेले. तेरावा झाला आणि तो सोमवारी सकाळच्या मीटिंगला हजर. जिमचा एक दिवस चुकला नाही. सगळे म्हणाले, खरा स्ट्राँग माणूस. चार-पाच महिन्यांनी भिंगारच्या रस्त्यावर चहा पिताना तो स्वतःच म्हणाला, ‘अरे, ते दिवस मोजणं थांबलं असतं ना, तर रडू आलं असतं. म्हणून थांबलो नाही.’ मला वाटतं, त्याच्यात खरा बदल त्या वाक्यापासून सुरू झाला.

यावर कुणी म्हणेल, मग शिस्त सोडायची का? नाही. त्या दिवसांत शिस्त नसती तर माझा मित्र कदाचित कोसळला असता. आझादांच्या बाबतीत तर समोर इंग्रज सरकार होतं. काँग्रेसच्या अध्यक्षाने केलेली विनंती ही फक्त एका नवऱ्याची विनंती राहिली नसती. त्यांचा नकार चूक होता असं मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. पण दुसऱ्या टोकाला कलकत्त्यात एक बाई मरणाच्या दारात होती आणि तिच्या वाट्याला आलं ते नवऱ्याचं मौन, हेही खोडता येत नाही. शिस्तीची किंमत नेहमी शिस्त पाळणाराच मोजतो असं नाही. कधी ती शेजारच्याच्या खात्यावर पडते.

दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे. शेरोशायरीने सजवलेल्या पत्रात ‘मी नाटक करत होतो’ असं लिहिणं हाही देखावाच नाही का? असू शकेल. तरी फरक आहे. पहिल्या देखाव्यात पाहणाऱ्याला फसवायचं होतं. दुसऱ्यात त्या फसवणुकीची यंत्रणाच उघडून दाखवलीय. सिगारेटच्या गोष्टीतला अभिमान आणि इथला कबुलीजबाब एकाच पुस्तकात आहेत, हे मला महत्त्वाचं वाटतं. ज्या ताब्याचं आपण कौतुक करत होतो, त्याचाच हिशोब आता मागितला जातोय.

याच जिल्ह्यात नेवाशाला ज्ञानेश्वरांनी १२९० मध्ये गीता मराठीत आणली. त्या गीतेच्या बाराव्या अध्यायात आधी अभ्यासाचा मार्ग सांगितलाय, म्हणजे पुन्हा पुन्हा करत राहण्याचा. मग अभ्यासापेक्षा ज्ञान श्रेष्ठ, ज्ञानापेक्षा ध्यान, आणि त्याही वर फळाचा त्याग. अभ्यास ही पहिली पायरी आहे. ती गाळून पुढे जाता येत नाही, पण तिच्यावरच तंबू ठोकूनही चालत नाही. आजचं आपलं फळ म्हणजे सलग दिवसांचा तो आकडा. सोडायला सगळ्यात अवघड तोच.

म्हणून मी माझ्यापुरता एक छोटा बदल केलाय. रोज चालायला जातो, टिक करतो आणि शेजारी एक ओळ लिहितो: आज का गेलो. ‘बरं वाटतं म्हणून.’ ‘आकडा तुटू नये म्हणून.’ ‘घरी फोन करायचा टाळत होतो म्हणून.’ उत्तर चांगलं असायलाच हवं असा नियम नाही. खरं असावं, एवढाच. तिसऱ्या प्रकारचं उत्तर सलग दोन दिवस आलं की चालणं अर्धं ठेवून घरी फोन लावतो. आई विचारते, ‘एवढ्या सकाळी काय रे?’ अ‍ॅपमध्ये तो दिवस अपुरा दिसतो. दिसू दे.

पत्नी गेल्याच्या त्या पत्रात आझाद शेवटी किल्ल्यातल्या एका जुन्या कबरीबद्दल लिहितात. कुणाची ते माहीत नाही. शेकडो वेळा तिच्यावरून नजर गेलेली, पण आता तिच्याबद्दल वेगळीच ओढ वाटतेय, काल संध्याकाळी बराच वेळ तिच्याकडे बघत राहिलो, असं ते सांगतात. दिनक्रमात या बघत राहण्याला जागा नव्हती. आठ महिने तो दिनक्रम चोख पाळलेल्या माणसाने त्या संध्याकाळी पहिल्यांदा वेळापत्रकाबाहेरचं काहीतरी केलं. कोणत्याही अ‍ॅपने त्याला टिक दिली नसती. माझ्या मते त्या आठ महिन्यांतला सगळ्यात मोठा छोटा बदल तोच होता.