शेवट कुणाच्या मालकीचा?

कुठलंही पुस्तक कुणाला सुचवायचं तर ते आपल्याला का आवडलं हे सांगावं लागतं. कवितासंग्रह असेल तर दोन ओळी म्हणून दाखवता येतात, प्रवासवर्णन असेल तर त्यातला एखादा प्रसंग. थरारकथेचं उलटं आहे. ती ज्या कारणाने आवडली ते कारण लपवूनच ती सुचवायची असते. समोरच्याने पुराव्याशिवाय विश्वास ठेवायचा आणि मी गप्प राहून तो विश्वास मिळवायचा, असा हा व्यवहार. यात नैतिक प्रश्न कसला, असं कुणी म्हणेल. मला मात्र तो गेली दोन-तीन वर्षं छळतो आहे.

मी गगनबावड्याला घरी बसून सॉफ्टवेअरचं काम करतो. जून लागला की करूळ आणि भुईबावडा या दोन्ही घाटांतून ढग वर येतात आणि थेट घरात शिरतात. लाइट जाते, रेंज जाते, आणि लोकांना पुस्तकं आठवतात. माझ्याकडे कपाटभर आहेत हे ठाऊक असल्याने ते येतात. मागणी ठरलेली असते : काहीतरी थरारक दे, पण नवीन. एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले एक काका तर म्हणतात, "अर्नाळकर झाला, शिरवळकर झाला, नाईक झाला. आता त्यांच्या म्होरलं काय असंल ते काढ."

त्या 'म्होरल्या'तच गोची आहे.

बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. त्या कुणी कुणाला सुचवताना फार विचार केला नसेल, कारण मुखपृष्ठावरचं नावच हमी देत होतं. झुंजार आहे, काळा पहाड आहे, म्हणजे तो शेवटी जिवंत राहणार आणि दुष्टाचं काही खरं नाही. सुहास शिरवळकरांचा दारा बुलंद किंवा बॅरिस्टर अमर विश्वास, नारायण धारपांचे समर्थ, सगळ्यांचं तसंच. वाचक अंधारात शिरायचा, पण कुणाचा तरी हात धरून. मालिकेचा नायक हा एका अर्थाने आधीच फोडलेला शेवट होता, आणि त्याने कुणाची मजा गेली असं ऐकिवात नाही.

नव्या थरारकादंबरीने तो हात सोडवून घेतला. २०१२ साली 'गॉन गर्ल' आली आणि पाठोपाठ मानसशास्त्रीय थरारकथांची रांग लागली. यात नायक मालिकेचा नसतो, त्यामुळे तो मरू शकतो. निवेदक खोटं बोलत असू शकतो. घरातलाच माणूस गुन्हेगार असू शकतो आणि तो सुटूही शकतो. वाचक म्हणून मला हे आवडतं. सुचवणारा म्हणून मात्र माझ्यावर जबाबदारी येते, कारण पुस्तकाच्या आत काय आहे याची हमी आता मुखपृष्ठ देत नाही. मलबृष्ठावर 'शेवटच्या पानापर्यंत खिळवून ठेवणारी' एवढंच असतं, आणि ते जवळपास प्रत्येक पुस्तकावर असतं.

माझ्या धंद्यातले लोक म्हणतील की सुचवायचं काम यंत्राला द्या. दिलंच आहे. २००६ साली नेटफ्लिक्सने आपल्या शिफारशींचा अंदाज दहा टक्क्यांनी सुधारून देणाऱ्याला दहा लाख डॉलरचं बक्षीस लावलं आणि २००९ मध्ये एका चमूने ते जिंकलं. 'ज्यांनी हे घेतलं त्यांनी तेही घेतलं' या जातीच्या गणिताची एक सोय अशी, की त्याला पुस्तक वाचावंच लागत नाही. कोणी किती तारे दिले एवढंच ते बघतं. शेवट ठाऊकच नसल्याने तो फोडण्याचा किंवा लपवण्याचा प्रश्न त्याच्यापुढे येत नाही. मी पुस्तक वाचलेलं असतं. माझी अडचण तिथून सुरू होते.

साधी गोष्ट घ्या. 'शेवटी जबरदस्त धक्का आहे' असं सांगणं हाही रहस्यभेदच. अगाथा ख्रिस्तीची 'द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड' १९२६ साली आली. ती ज्यांनी काहीही न ऐकता वाचली ते नशीबवान. 'शेवट बघच' असं ऐकून वाचणारा पहिल्या पानापासून प्रत्येकाकडे संशयाने पाहतो, आणि तो धक्का त्याच्या वाट्याला अर्धाच येतो. म्हणून मी अशा पुस्तकांबद्दल 'ठीक आहे, वेळ जातो' असं म्हणतो. हे सरळसरळ खोटं आहे. धर्मराजाने अश्वत्थाम्याविषयी जे अर्धसत्य उच्चारलं, त्याने त्याचा जमिनीपासून चार बोटं वर चालणारा रथ खाली आला. माझा रथ मुळातच जमिनीवर असल्याने मला एवढं चालतं. ज्याला फसवतोय त्यालाच त्यात सुख मिळणार आहे, आणि पुस्तक संपल्यावर तो हसून माफ करणार आहे, अशी माझी खात्री असते.

ही खात्री नसते तिथे काय करायचं?

आमच्या गल्लीत एक काकी आहेत. त्यांचा धाकटा मुलगा बऱ्याच वर्षांपूर्वी पावसाळ्यात ओढ्याला गेला, तो आलाच नाही. काकी भरपूर वाचतात, आणि त्यांनाही रहस्यच लागतं. गेल्या पावसाळ्यात माझ्या हातात एक उत्तम नवी कादंबरी होती. (नाव सांगत नाही, कारण पुढे जे लिहिणार आहे त्याने तिचा शेवट फुटेल.) तिच्यात तिसऱ्या प्रकरणात एक मूल बेपत्ता होतं. त्याची सूचना ना वेष्टनावर होती, ना पहिल्या पन्नास पानांत. मी म्हणालो, "काकी, पुस्तक चांगलंय, पण ह्यात एक पोरगं हरवतं. चालेल का तुम्हाला?"

त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "मग घावतंय का ते?"

लेखकाने तीनशे पानं ज्या प्रश्नावर उभी केली होती तो हाच प्रश्न. इथे अर्धसत्य चालणार नव्हतं. मी सांगितलं, "नाही घावत." काकींनी पुस्तक घेतलं. आठवड्याने परत आणून दिलं तेव्हा एवढंच म्हणाल्या, की त्या आईचं बोलणं लेखकाने बरोबर लिहिलंय, पण तिचा नवरा काही पटला नाही.

माझा चुलतभाऊ एमपीएससीचा अभ्यास करतो आणि त्याला वाद घालायला आवडतं. त्याचं म्हणणं, मी लेखकावर अन्याय केला. लंडनमध्ये १९५२पासून चाललेल्या 'द माउसट्रॅप' नाटकाच्या शेवटी प्रेक्षकांनाच विनंती करतात, की खुनी कोण हे बाहेर सांगू नका. हिचकॉकने १९६०मध्ये 'सायको'च्या वेळी उशिरा येणाऱ्यांना आत सोडायचं नाही असा नियम केला. धक्का ही कारागिरी आहे, ती मोडायचा अधिकार तुला कुणी दिला? शिवाय एकाला सूचना दिली की दुसऱ्यालाही द्यावी लागते. मग सगळीच पुस्तकं औषधाच्या बाटलीसारखी लेबलं लावून वाचायची का?

त्याचा दुसरा मुद्दा मला पटतो. सरसकट लेबलांनी वाचन बेचव होईल. पहिला पटत नाही. कारागिरी लेखकाची, हे कबूल. पण धक्का बसतो तो वाचकाच्या अंगावर, आणि तो घ्यायचा की नाही हे ठरवायचा हक्क त्याचा. नाटकवाल्यांची विनंती स्वेच्छेने तिकीट काढून आलेल्यांना असते. काकींनी तर सरळ विचारलं होतं. विचारणाऱ्यापासून लपवणं आणि न विचारणाऱ्याला सांगत सुटणं, दोन्ही मला सारखेच उद्धट वाटतात.

शेवट कळल्याने पुस्तक मरतं, हेही तितकं खरं नाही. २०११ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सान दिएगो शाखेतल्या लेविट आणि क्रिस्टनफेल्ड या दोन संशोधकांनी वाचकांना काही लघुकथा शेवट आधी सांगून आणि काही न सांगता वाचायला दिल्या. शेवट ठाऊक असलेल्यांना त्या सरासरीने थोड्या जास्तच आवडल्या. एका प्रयोगावर फार भार टाकू नये; लघुकथा वेगळी, तीनशे पानं वेगळी. पण केइगो हिगाशिनोच्या 'द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स'मध्ये खून कुणी केला हे लेखक स्वतःच सुरुवातीला दाखवतो, तरी पुस्तक खाली ठेववत नाही. (काकांना मी हेच दिलं. इंग्रजी अनुवाद कोशात बघत बघत त्यांनी तो महिनाभर पुरवला.)

तोडगा म्हणून मी सध्या एक चिठ्ठी लिहितो. पुस्तकात त्रासदायक काय आहे आणि शेवट कसा आहे हे दोन ओळींत लिहून, घडी घालून शेवटच्या पानात ठेवतो, आणि देताना तसं सांगतो. काका ती उघडत नाहीत. पुस्तक परत येतं तेव्हा घडी तशीच असते. काकी दारातच उघडून वाचतात, आणि कधी पुस्तक घेतात, कधी दुसरं मागतात. चुलतभाऊ उघडत नाही म्हणतो, पण त्याच्याकडून आलेल्या चिठ्ठ्यांच्या घड्या उलट्या बाजूने घातलेल्या असतात.