आबांची पिन

नवी मुंबईतल्या शिरवणे गावात आबांना नावाने ओळखणारे फार थोडे. ‘पिनवाले आबा’ म्हटलं की रिक्षावाला थेट दारात आणून सोडायचा. पांढरा सदरा, खांद्यावर पंचा आणि खिशाच्या काठाला अडकवलेली एक सेफ्टी पिन. लग्न असो, मयत असो, सिडकोने घेतलेल्या जमिनीच्या बदल्यातल्या साडेबारा टक्क्यांच्या भूखंडासाठी बेलापूरला सिडको भवनात हेलपाटे असोत, पिन जागच्या जागी. बायका बांगडीत पिना अडकवतात, मंगळसूत्राला लावतात, त्याचं कुणाला काही वाटत नाही. पुरुषाने खिशाला लावली की तो विक्षिप्त!

नातू कपड्यांचा हौशी. आपलीही काहीतरी खूण असावी, हे त्याच्या डोक्यात बसलं आणि शोधाशोध न करता त्याने आजोबांचीच उचलली. फक्त त्याची पिन सोनेरी, खडे जडवलेली, ऑनलाइन मागवलेली. मित्र म्हणाले, “एकदम खानदानी!”

एकदा त्याने विचारलं, “आबा, खाडीची हवा ही. माझ्या सायकलची चेन चार दिवसांत गंजते. तुमची पिन कायम कोरी कशी? घासता काय?”

“घासायला जाग्यावर राह्यली तर!” आबा म्हणाले. पोराला वाटलं, म्हातारा चेष्टा करतोय.

वैशाखात त्याच्या चुलतबहिणीची हळद होती. मांडवात धवलारणी गात होत्या, बाहेर डीजेवाला त्यांचा आवाज गिळायला टपलेला. सात-आठ वर्षांची करवली भरली कळशी घेऊन निघाली आणि नेमका घागऱ्याचा हूक तुटला. दोन्ही हात कळशीला, घागरा खाली सरकतोय, पोरगी रडकुंडीला आलेली. काकीची नजर नातवाच्या छातीकडे गेली.

“आरं, दे ना ती पिन!”

तो गोरामोरा झाला. “काकी, ही टोचायची नाही. मागे चुंबक आहे.”

गाडगेबाबांच्या डोक्यावरचं गाडगं सगळ्यांना आठवतं. बाबा त्याच गाडग्यात भाकरी खात, हे मात्र पटकन आठवत नाही.

आबा तोवर गुडघ्यावर बसले होते. घागऱ्याची कड त्यांनी दुमडली, पुन्हा दुमडली, पोरीला टोचू नये म्हणून आतून स्वतःचा अंगठा धरला आणि पिन लावली. “चल बाय, निघ.” कळशीतलं पाणीसुद्धा फारसं सांडलं नाही.

आबा उठले तेव्हा नातवाला त्यांचा खिसा पहिल्यांदा जवळून दिसला. काठाची नुसती चाळण झालेली. शेकडो बारीक भोकं.

रात्री मांडव शांत झाल्यावर त्याने पुन्हा विषय काढला. आबांनी थोडक्यात सांगितलं. जानेवारी १९८४. भूमिपुत्रांचे नेते दि. बा. पाटील यांच्या हाकेवर, सिडकोने घेतलेल्या जमिनीच्या भावासाठी गावोगावची माणसं जासईकडे गेलेली. पोलिसांचा गोळीबार झाला, दोन दिवसांत पाच जण गेले. पळापळीत आबांचा सदरा खांद्यापासून कमरेपर्यंत फाटला. कुणा अनोळखी बाईने बांगडीतली पिन काढून तो सांधून दिला. नाव-गाव विचारायला हे वळेपर्यंत ती गर्दीत दिसेनाशी झाली.

“तिची पिन द्यायची राह्यली ना, पोरा,” आबा म्हणाले आणि पंचा उशाला घेऊन आडवे झाले.

सकाळी त्यांच्या खिशाला नवी पिन होती. करवलीने कालची परत केली नव्हती, कुणी मागितलीही नव्हती.

गावातल्या कटलरीच्या दुकानात डझनाचा झुबका दहा रुपयांना मिळतो. आबांच्या घरी महिन्याला दोन लागायचे. या महिन्यात तीन लागले.