समोरच्या माणसाचं चित्र (गीता, अध्याय १८, श्लोक २० ते २२)



आजच्या तीन श्लोकांत भगवान ज्ञानाचे तीन प्रकार सांगतात. वेगवेगळ्या जीवांमध्ये एकच अविनाशी भाव पाहतं ते सात्त्विक. प्रत्येकाला सुटासुटा पाहतं ते राजस. आणि एखाद्याच तुकड्याला 'हेच सगळं' समजून धरून बसतं ते तामस.

हे वाचलं की मला माझं खिशातलं स्केचबुक आठवतं. बसस्टॉपवर, बँकेत टोकन घेऊन बसलेलो असताना मी समोरच्यांची दोन-दोन मिनिटांत चित्रं काढतो. परवा एका मित्राने विचारलं, "न विचारता कुणाचं चित्र काढणं बरोबर आहे का रे?" प्रश्न रास्त आहे. सगळेच फोटो काढतात, हे काही त्याचं उत्तर नव्हे.

घाईत हात आधी पकडतो ते नाक, टक्कल, नाहीतर पोट. बघणारे लगेच हसतात. पण तो माणूस म्हणजे ते पोट नव्हे! बाविसावा श्लोक मला तिथेच भेटतो. (व्यंगचित्रकारांवर टीका नाही हं. मारिओ मिरांडांनी गोव्यातल्या माणसांची नाकं कितीही ताणली, तरी त्यांतली माया लपत नाही.) आणि अशी माणसं जमवून रात्री इन्स्टाग्रामवर टाकायची, लाइक मोजायचे, हा राजस कारभार.

स्केचिंग शिकवणारे बरेच जण सांगतात, चेहऱ्याने सुरुवात करू नका. आधी पाठीच्या कण्याची रेघ, मग वजन कुठल्या पायावर आहे ते. आणि कागदापेक्षा माणसाकडे जास्त बघा, कारण नाहीतर डोकं समोरचा डोळा न दाखवता कॅशमधला 'डोळ्याचा आयकॉन' देतं. असं बघायला लागलं की पिशवी सांभाळणारी आजी आणि मोबाइलवर वाकलेला पोरगा, दोघांच्या पाठीला तोच बाक दिसतो. माझ्याही पाठीला तोच. साक्षात्कार वगैरे नाही, पण दिशा तीच असावी.

तरी मित्राचा प्रश्न उरतोच. माझी नजर चांगली आहे, म्हणजे मला परवानगी मिळाली असं होत नाही. दवाखान्यात कुणी रडत असेल तर पेन खिशातच राहतं. त्या दुःखाला प्रेक्षक नको असतो. एरवी मी एवढंच तपासतो, की हे पान आत्ता त्या माणसासमोर धरता येईल का? बऱ्याचदा त्याआधीच त्याचा नंबर लागतो आणि तो उठून जातो. खांदे झालेले असतात, चेहरा राहिलेला असतो. तो मी नंतर आठवून भरत नाही.