पगारात शिकलेली माणसं

दादरच्या एका सभागृहात मध्यंतरी करिअर मार्गदर्शनाचा कार्यक्रम झाला. समोर परळ-लालबागची नुकतीच बी.कॉम. झालेली मुलं. व्यासपीठावरचे पाहुणे एका कंपनीत नोकरभरतीचं काम बघणारे. ते म्हणाले, ‘‘तुमच्यातले निम्म्याहून जास्त एम्प्लॉयेबलच नाहीत.’’ मुलांनी हे वाक्य मुकाट्याने वहीत उतरवून घेतलं. त्या उतरवून घेण्याचा मला आलेला राग अजून गेलेला नाही.

नोकरीला लायक कोण, हा या भागातला जुना प्रश्न. १९०० साली दावरांचं कॉमर्स कॉलेज निघालं, १९१३ मध्ये सिडनहॅम, पुढे माटुंग्याला पोदार. बाकीची कसर गिरगाव-दादरच्या टायपिंग क्लासांनी भरून काढली. हा इतिहास सर्वांना ठाऊक आहे.

इथल्या कापड गिरणीतली एक गोष्ट मात्र विसरू नये. साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात, कमाई जास्त, पण तिथे धोट्यातून धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे. म्हणून विटाळ होईल या समजुतीने दलित कामगारांना त्या खात्यात घेत नसत. बाबासाहेबांनी १९२८ च्या संपाच्या वेळी हा प्रश्न लावून धरला. कसब शिकता येण्यासारखंच होतं, शिकू देणारं कोणी नव्हतं. ‘लायक नाही’ हा शब्द कानावर आला की मला आधी ते बंद दार आठवतं.

पुढचं सगळे एका दमात सांगतात: १९८२ चा संप झाला, गिरण्या गेल्या, १९९१ नंतर नवी कामं आली आणि आमची मुलं इंग्रजीत, कॉम्प्युटरमध्ये कमी पडली. यातलं शेवटचं वाक्य मला मान्य नाही. १९५६ मध्ये एलआयसी झाली, १९६९ मध्ये चौदा बँका सरकारी झाल्या, आणि चाळीतली मुलं तिथे लागली. त्यांना तरी आधी काय येत होतं?

आमच्या चाळीतले एक काका सत्तरच्या दशकात बँकेत चिकटले. पहिले काही दिवस हेडकॅशियरने त्यांना नुसत्या नोटा मोजायला बसवलं. बंडल चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. मग लेजर. संध्याकाळी ताळा जमला नाही, तर एका रुपयाच्या फरकासाठी अख्खी शाखा थांबायची. कोणी तरी मागे उभं राहून आकड्यावर बोट ठेवायचं, ‘‘हा सात आहे, तू एक वाचलास.’’ काका आजही सांगतात, ‘‘सहा महिने मी शिकतच होतो. पण पगार पहिल्या दिवसापासून चालू होता.’’

सगळा बदल या शेवटच्या वाक्यात आहे. आमच्याच इमारतीतली एक मुलगी यंदा बी.कॉम. झाली. तिच्या फाइलमध्ये टॅली, एक्सेल, जीएसटी, स्पोकन इंग्लिश अशी चार सर्टिफिकेटं आहेत आणि प्रत्येकामागे फीची पावती. आई डबे करते, फी त्यातूनच गेली. मुलाखतीत तिला विचारलं, अनुभव किती? शिकण्याचा काळ पगाराच्या बाहेर ढकलला गेला, त्याचा खर्च कंपनीच्या खात्यातून घराच्या खात्यात वर्ग झाला, आणि या व्यवहाराला नाव मिळालं मुलांची उणीव.

कंपन्या म्हणतात, शिकवलेली मुलं सोडून जातात. काका का गेले नाहीत? प्रोबेशन संपल्यावर ते कायम झाले, दरवर्षी इन्क्रिमेंट मिळत गेलं, पुढे पेन्शन होती. अकरा महिन्यांच्या करारावर घेतलेल्या मुलाने कशासाठी थांबावं?

काम हे कामावरच शिकायचं असतं, हे सरकारलाही पटलेलं दिसतं. २०२४ च्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधराला आस्थापनेत काम शिकताना महिना १०,००० रुपये विद्यावेतन ठरलं. पण तेही आस्थापनेच्या खिशातून जात नाही, सरकारी तिजोरीतून जातं.

म्हणून मुलांनो, पुढच्या कार्यक्रमात ते वाक्य वहीत उतरवू नका. हात वर करा आणि पाहुण्यांना विचारा: गेल्या वर्षी तुमच्या कंपनीने किती नवख्यांना पगार देऊन शिकवलं, आणि त्यातले किती कायम झाले?